लंगड्या राजाची सावली

“पाय सरळ करा त्याचा,” धाकटे मालक म्हणाले.

मी कुंचला धूत होते. टेबलावर पान वाळत पडलं होतं आणि पानावर आमचा राजा काठी टेकत जिना उतरत होता. धाकट्या मालकांनी बोट ठेवलं ते नेमकं त्याच्या डाव्या पायावर. शाई अजून ओली होती. हे सांगायला हवं होतं, पण मी सांगितलं नाही. त्यांचं बोट काळं झालं.

“कुणाचा पाय?” मी विचारलं.

“राजाचा, मावशी, आणखी कुणाचा? नवं रूप देतोय आपण त्याला.” दुसऱ्या हातातला कागद त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. कागदावर एक धटिंगण होता. छाती गोदामाच्या दाराएवढी, दंडावर टेंगळं आल्यासारखे स्नायू, पाठीवर फडफडणारं लाल कापड आणि दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गगनराजा’.

“हा कोण?”

“आपलाच राजा. उडतो आता. ‘लंगडा राजा’ हे नाव बंद. हल्ली असं म्हणणं बरं दिसत नाही, मावशी. लोकांच्या भावना दुखावतात.”

“आमच्या घरात लंगडा माणूस आहे. त्याच्या भावना विचारल्यात तुम्ही?”

ते हसले. त्यांच्या वडिलांना, थोरल्या मालकांना, हसायला वेळ लागायचा; आधी ते विचार करायचे. याचं तसं नाही. “दादांना माझा नमस्कार सांगा,” असं म्हणून बोट रुमालाला पुसत ते निघून गेले. रुमालाचाही सत्यानाश झाला, तेवढंच एक समाधान.

मी या चित्रकथांच्या छापखान्यात तीस-एक वर्षं शाई चढवते. चित्रकार निळ्या पेन्सिलीने काढतो, मी त्यावर काळ्या शाईने गिरवते. निळं छपाईत येत नाही, काळं येतं. म्हणजे लोक जे बघतात ते सगळं माझ्या हातचं असतं आणि वर नाव छापतात ते चित्रकाराचं. मला इथे सगळे शाईमावशी म्हणतात. माझं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही चटकन आठवत नाही. त्याबद्दल मला कधी राग आला नाही. राग आला तो या उडण्याचा.

कारण लंगड्या राजाची गोष्ट मुळात न उडण्याचीच आहे. सातशे वर्षांपूर्वी तो होता की नव्हता, ते पंडितांनी एकमेकांच्या झिंज्या उपटून ठरवावं. गोष्ट मात्र आहे. लहानपणी तापात त्याचा पाय वाळला. मोठा होऊन गादीवर बसला तरी लोक हसायचेच. मग शत्रू चालून आला, नदीवरच्या पुलावर गाठ पडली आणि राजाची फौज फुटून मागे पळत सुटली. तेव्हा राजाने एक स्टूल मागवलं. म्हणाला, ‘मला पळता येत नाही, तेव्हा मी बसतो.’ आणि पुलाच्या मधोमध, मांडीवर तलवार आडवी ठेवून, तो शत्रूकडे तोंड करून बसला. पळणाऱ्यांना त्याला वळसा घालून जावं लागत होतं. पहिले काहीजण मान खाली घालून गेले. मग एकजण थांबला. मग दुसरा. आपल्याला पळता येतं आणि याला येत नाही, याची त्यांना लाज वाटली असावी. पूल राहिला. राजा वाचला की मेला, यावर प्रत्येक आजीचं मत वेगळं.

आता मला सांगा, ज्याला उडता येतं त्याने पुलावर कशाला बसावं? भुर्रकन उडून जाईल. उडणाऱ्याचं कसलं आलंय शौर्य!

हा राजा कागदावर आणला माझ्या दादाने. दादाचा डावा पायही लहानपणीच्या तापात वाळला. हातात पेन्सिल मात्र अशी होती की थोरले मालक घरी येऊन बसायचे. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ मला काल केल्यासारखं आठवतं. आईचं स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल, त्यावर दादा उघडाबंब, अर्धी चड्डी घालून, मांडीवर छत्री आडवी. मी समोर आरसा धरून उभी. दादा आरशात बघायचा, वहीत काढायचा आणि मला ओरडायचा, “आरसा हलवू नकोस, राजाला चक्कर येतेय!” आई आतून म्हणाली होती, “राजा, ते स्टूल लवकर द्या, मला वरचा डबा काढायचाय.”

दादाचा हात थरथरायला लागला तेव्हापासून राजा दुसरे लोक काढतात. पण पाय दादाचाच राहिला, कारण थोरल्या मालकांनी तसं बजावून ठेवलं होतं. ते गेले. मुलगा आला, आयत्या बिळावर नागोबा. आणि त्याने पहिली नजर टाकली ती पायावर.

नव्या राजाची पानं काढायला एक पोर ठेवली होती. केस मुलासारखे कापलेले, कानात गाणी आणि काम मात्र वाऱ्यासारखं. तिला सगळे नवी म्हणायचे. तिने पहिली पानं माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मी न बघताच म्हटलं, “ठेव. पंखवाले आणखी किती आहेत?”

“मावशी, माझ्यावर का चिडता? मला सांगितलं तसं मी काढलं.”

“सांगितलं तसं! उद्या राजाला शेपूट काढ म्हणाले तर?”

“काढीन,” ती म्हणाली. “घर चालवायचंय मला.” आणि गेली. उत्तर उद्धट होतं, पण खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

पानं बघितली. एक गोष्ट मात्र तिला शिकवली होती कुणीतरी. तिने जुन्या रीतीने फुल्या मारल्या होत्या. आमच्या धंद्यात जिथे पूर्ण काळं भरायचं तिथे चित्रकार निळ्या पेन्सिलीने छोटी फुली मारतो. जिथे फुली तिथे काळं. केस, रात्र, गुहेचं तोंड. आणि माणसाच्या पायाशी जमिनीवर फुली असली तर तिथे सावली. पण सावलीचा आकार चित्रकार कधी काढत नाही. तो वेळ घालवत नाही त्यात. सावली शाईवाल्याची. हे कुठेही लिहिलेलं नाही, पण प्रत्येकाला माहीत आहे. आणि प्रत्येकाला माहीत असल्यामुळे ती कुणी तपासतही नाही.

पहिल्याच चौकटीत गगनराजा गच्चीवर छाती काढून उभा होता. पायाशी फुली. मी कुंचला बुडवला आणि माझ्या हाताने विचारलंही नाही. एक खांदा खाली, कंबर कललेली, डावा पाय बारीक, आत वळलेला, बगलेत काठी. सरळ उभ्या धटिंगणाच्या पायाशी माझ्या दादाची सावली पडली.

पुढच्या पानावर तो शहरावरून उडत होता आणि खाली रस्त्यावर फुली होती. मी त्या रस्त्यावरून सावलीला काठी टेकत चालायला लावलं. वर तो हातपाय ताणून सुसाट, खाली ही आपली लंगडत, घामाघूम, पण बरोबरीने. मी सगळ्या पानांवर तेच केलं. राग हातातून उतरायला लागला की कुंचला फार सुरेख चालतो. इतकं चांगलं काम माझ्याकडून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

अंक छापून आला. कुणी काही बोललं नाही. मी एक प्रत घरी नेली आणि दादाच्या मांडीवर टाकली. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्याने मुखपृष्ठ बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने भिंग उचललं, पहिलं पान उघडलं आणि सवयीने आधी सावली बघितली. पहिल्यापासून त्याची तीच पद्धत. म्हणायचा, माणसाचं चित्र चुकलं तर सावलीत कळतं.

भिंग थांबलं. दादा हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, मी पाठीवर थापा मारल्या, तरी थांबेना.

“खालचा आपला आहे,” तो डोळे पुसत म्हणाला. “पण वर हा कोण गाढव उडतोय?”

त्या संध्याकाळी आम्ही दोघं लहान पोरांसारखे खुशीत होतो. शत्रूच्या घरात घुसून त्याच्याच भांड्यात जेवून आल्यासारखं वाटत होतं मला. आणि सगळी अक्कल मलाच आहे, असंही वाटत होतं.

पंधरवड्याने धाकट्या मालकांनी आत बोलावलं. मी मनाची तयारी करूनच गेले. काढून टाकतील तर टाकू देत, पण आधी चार शब्द ऐकवीन, असं ठरवलं होतं. शब्द पाठसुद्धा केले होते.

ते खुर्चीतून उठले. माझ्यासाठी. “मावशी, तुम्ही म्हणजे कमाल आहात!” म्हणाले. “सावली! वाचक वेडे झालेत. राजाची सावली लंगडी का, हेच विचारतायत सगळे. ही आयडिया मला आधी का नाही सांगितलीत?”

“आयडिया नाही ती,” मी म्हटलं. “राजा आहे.”

त्यांनी ते ऐकलं नाही. ते टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. “दुसऱ्या अंकात सावली राजापासून सुटते. स्वतंत्र होते. राजाच्या मनातलं जे काही वाईट, कुढं, वाकडं, ते सगळं म्हणजे ही सावली. काळा लंगडा! काय व्हिलन आहे! आणि तिसऱ्या अंकात पुलावर शेवटची लढाई. गगनराजा त्याला ठार मारतो. पूल तोच ठेवू, जुन्या वाचकांनाही बरं वाटेल.”

माझे पाठ केलेले शब्द कुठल्या कुठे गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी नुसता पाय सरळ केला होता. त्या पायाला दुष्ट ठरवायची वाट मी करून दिली होती.

“लंगडा म्हणणं बरं दिसत नाही ना हल्ली?” मी म्हटलं. 

“व्हिलनला चालतं.”

“व्हिलनला चालतं!”

“मावशी, तुमचं नाव घालणार आहोत आम्ही मुखपृष्ठावर. ‘सावली’ असं लिहून पुढे तुमचं नाव. आजवर कधी आलंय?”

नव्हतं आलं. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ते म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर ते नाव मला डोळ्यांसमोर दिसलं, काळ्या अक्षरांत. त्या एका क्षणाचा मला इतका संताप आला की त्यांचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावासा वाटला. पेपरवेट काचेचा होता, आत फूल होतं, थोरल्या मालकांचा. मी तो उचलला आणि परत ठेवला.

“मी करणार नाही,” म्हटलं.

“मग दुसरं कुणी करेल. कॉम्प्युटरवरही होतं हल्ली.” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही विचार करा.”

घरी गेले तेव्हा दादा खिडकीशी बसला होता. मी चप्पल काढतानाच बोलायला सुरुवात केली आणि बोलतच राहिले. धाकट्या मालकांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कुणाला देणार काम?”

“मला काय करायचंय! मी नाही म्हणून आले.”

“मग हो म्हणून ये.”

मला वाटलं, याला नीट ऐकू आलं नाही. “दादा, ते राजाला मारणार आहेत. तुला मारणार आहेत. आणि मी शाई चढवू?”

“तूच चढव.”

“तुला काहीच कसं वाटत नाही?” मी ओरडले. शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला, म्हणजे ऐकायला लागले. “निर्लज्ज आहेस का तू? तुझा पाय घेऊन त्यांनी त्याचं भूत केलंय आणि तू मला...”

दादाने हातातला कप बशीवर आपटला. कान तुटला कपाचा. आमच्या घरात आपटायचं काम माझं, दादाने कधी काही आपटलं नव्हतं.

“वाटत नाही?” तो म्हणाला. “साठ वर्षं लोक आधी या पायाकडे बघतात आणि मग माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आजाऱ्याशी बोलतात तसं. बाप बोलायचा. मास्तर बोलायचे. राजा काढला आणि पहिल्यांदा लोक माझ्याशी मोठ्याने भांडले. पुढच्या अंकात असंच का केलंत, तसंच का नाही केलंत! किती बरं वाटलं होतं मला, तुला काय कळणार. आणि तू विचारतेस वाटत नाही?”

तो दम घेत होता. थरथरणारा हात त्याने दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

“दुसरा कुणी काढेल ना,” तो हळू म्हणाला, “तर पाय कसा काढेल माहितीये? फरफटणारा. वाकड्या झाडाच्या मुळासारखा. बघणाऱ्याला शिसारी येईल असा. पण पाय तसा नाहीये. साधा पाय आहे, जरा बारीक आहे. हे जगात दोघांनाच माहीत आहे, तुला आणि मला. मरायचंच असेल तर माझ्या पायाने मरू दे त्याला.”

मी तुटलेला कान उचलला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावी, तर इथे दोन्ही हातांत दगडच होते. दुसऱ्या दिवशी जाऊन मी हो म्हटलं. नाव छापू नका, एवढी एकच अट घातली. धाकटे मालक म्हणाले, “जशी तुमची मर्जी,” आणि त्यांना बरंच वाटलं असावं.

दुसरा अंक मी दात-ओठ खात केला. सावली सुटली, लोकांना घाबरवू लागली, अंधारातून निघू लागली. नवीने काढलेले हावभाव राक्षसाचे होते, ते मला बदलता येत नव्हते. पण पाय मी सांभाळला. पानोपानी सांभाळला. कितीही काळा केला, कितीही नखं-दात लावले, तरी कमरेखाली तो माझा भाऊ होता.

तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या पानावर नवी अडली. दोन दिवस ती तिच्या टेबलावर चुळबुळत होती. चुरगळलेल्या कागदांचा ढीग पायाशी. शेवटी माझ्याकडे आली.

“मावशी, एक मदत हवीय. सावली पुलावरून पळत सुटते आणि राजा वरून झेपावून तिच्या पाठीत तलवार मारतो, असं लिहून दिलंय. पण मला तो पळताना जमतच नाहीये. तुम्ही काढता तसा पाय काढला की पळणं खोटं वाटतं. आणि पळणं खरं काढलं तर पाय खोटा होतो.”

“जमणार नाही,” मी म्हटलं.

“का? तुम्ही सांगा ना कसं काढायचं.”

“नाही जमणार, कारण तो पळत नाही!” आख्ख्या खोलीने माना वळवल्या. मला पर्वा नव्हती. “त्याला मारा. राक्षस करा. तोंड काळं करा, केलंतच आहे. पण पळायला लावू नका. ज्याला पळता येत नव्हतं म्हणून ज्याची गोष्ट सातशे वर्षं टिकली, त्याला तुम्ही शेवटच्या चौकटीत पाठ दाखवून पळायला लावणार? पाठीत वार? अगं, गोष्ट तरी वाचलीस का तू? जुना पहिला अंक बघितलास का एकदा तरी?”

कानातली गाणी तिने काढून हातात घेतली होती, ती वायर बोटाला गुंडाळत राहिली. मी तोंड फिरवून कामाला लागले. माझे डोळे भरले होते आणि शाईत पाणी पडलं की शाई फुटते, म्हणून मी कुंचला लांब धरला होता.

शनिवारी संध्याकाळी निघताना माझ्या टेबलावर शेवटचं पान ठेवलेलं होतं. वरच्या चौकटींत पूल, नदी, झेपावणारा गगनराजा, सगळं नेहमीसारखं. खालची चौकट, पानाची अर्धी, रिकामी. पूल होता, कठडा होता, वरच्या कोपऱ्यातून येणारं तलवारीचं टोक होतं. आणि मधोमध, कोऱ्या जागेत, निळ्या पेन्सिलीची एकच मोठी फुली.

मी नवीकडे बघितलं. ती पिशवी भरत होती.

“ही चौकट अर्धवट आहे,” मी म्हटलं.

“अर्धवट कुठे? फुली मारलीय की. फुली मारली की पुढचं तुमचं, असं ऐकलंय.” ती दाराशी गेली आणि वळली. “पहिला अंक बघितला मी, मावशी. जुन्या गठ्ठ्यात होता. स्टूल मात्र मला काढता आलं नसतं.”

“मालक तुला ओरडतील.”

“मी सांगितलं तसंच काढलं, म्हणेन,” ती म्हणाली आणि गेली. या खेपेला तिच्या उत्तराचा मला राग आला नाही.

पान मी घरी आणलं होतं. रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात स्टूल मधोमध ठेवलं. त्याचा एक पाय मध्ये कधीतरी बदललाय, बाकी तेच. खिडकीतून ऊन येत होतं.

“बस,” मी दादाला म्हटलं. “सदरा काढ.”

“वेड लागलंय का? या वयात?”

“बस म्हणते ना.”

तो बसला. पोट सुटलंय त्याचं, छातीचे केस पांढरे झालेत. पाय मात्र तसाच आहे, तेवढा एकटा म्हातारा झालेला नाही. मी त्याच्या मांडीवर छत्री ठेवली. छत्री नवी होती, बटण दाबलं की उघडणारी, आणि त्याच्या थरथरत्या हाताने ती दोनदा उघडली. दुसऱ्या वेळी आम्ही दोघंही हसलो. मग मी ती काढून घेतली आणि लाटणं दिलं.

“राजाच्या मांडीवर लाटणं?”

“तोंड बंद. सरळ समोर बघ.”

मी कधी पेन्सिलीने काढलं नव्हतं. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या रेघांवरून चालत आले. निळी पेन्सिल हातात घेतली तर हात अडखळला, म्हणून ठेवली आणि सरळ कुंचलाच बुडवला.

“हलू नकोस.”

“मी कुठे हलतोय? हात हलतोय.”

मी काढलं. काळा तो काळाच, कारण तो सावली आहे असं दोन अंक सगळ्यांना सांगून झालं होतं. नखं काढली नाहीत. दात काढले नाहीत. पुलाच्या मधोमध स्टूल, त्यावर तो, डावा पाय जरा पुढे, कारण दुमडून बसलं की दुखतो. मांडीवर तलवार आडवी. वरून दुसरी तलवार येत होती आणि तो तिच्याकडे तोंड करून बसला होता.

धाकटे मालक उद्या हे बघतील. पळतोय कुठे, विचारतील. मी सांगणार आहे, पळत नाही. ओरडतील, तर ओरडू देत. पळणाराच हवा असेल तर ही चौकट पांढऱ्या रंगाने पुसावी लागेल. त्यांच्या टेबलावर पान ठेवल्यावर मी समोर खुर्ची घेऊन बसणार आहे, आणि माझ्यादेखत त्यांनी स्वतःच्या हाताने पुसावं.

दादा लंगडत माझ्या मागे येऊन उभा राहिला. भिंग आणलं होतं त्याने. नेहमीसारखं ते आधी खाली, जमिनीकडे गेलं. तेव्हा मी शेवटचं काम करत होते. स्टुलाच्या तीन पायांपासून सुरू करून, पुलाच्या दगडांवर, बसलेल्या माणसाची लांब सावली भरत होते.

“अगं,” दादा म्हणाला, “सावलीला कुठे सावली असते?”

“नसते,” मी म्हटलं, आणि त्या सावलीचा डावा पाय नीट, सावकाश, जरा बारीक काढला. “माणसाला असते.”

तो शाई वाळेपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याचा थरथरता हात तिथे होता तोवर मीही कुंचला धुवायला उठले नाही.